त्या दिवशी घरात काय शिजले?

आपल्या शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागताना संपादक मंडळाने एक प्रश्नही सोबत जोडला आहे. वर्गात सदैव हसतखिदळत असणाऱ्या या मुलाच्या कथांमध्ये एवढा काळोख कोठून आला, असे जुन्या वर्गबंधूंना कुतूहल आहे म्हणे. असाच प्रश्न कथावाचनाच्या कार्यक्रमानंतरही हमखास येतो, फक्त तेथे तो जरा काळजीच्या सुरात विचारला जातो. एकदा एका वयस्क बाईंनी मला बाजूला घेऊन, घरी सगळे ठीक आहे ना, अशी चौकशी केली होती. घरी सगळे ठीक होते आणि आजही आहे. दुःखाची कथा लिहिणारा माणूस स्वतः दुःखात बुडालेला असतो, किंवा निदान पावसाळी रात्री स्मशानाच्या वाटेने भटकतो, ही समजूत फार चिवट आहे. माझ्यापुरते खरे उत्तर आपल्या शाळेत, सातवीच्या वर्गात, निबंधाच्या वहीत लाल शाईने लिहिलेले होते.

विषय नेहमीचाच होता, ‘मी पाहिलेला अपघात’. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या मुलांना या विषयासाठी कल्पनाशक्ती ताणावी लागत नसे, कारण खनिजाचे ट्रक रस्त्यावरून दिवसभर धावत आणि लाल धूळ पानापानांवर बसलेली असे. आमच्या वाड्यावरचा एक तरुण सायकलवरून जाताना अशाच ट्रकखाली सापडला होता. मी निबंधात काळजाला घरे पाडणारा आक्रोश लिहिला, शब्दांत न मावणारे दुःख लिहिले आणि नियतीचा क्रूर खेळही लिहिला. मराठीच्या बाईंनी त्यातले काहीही खोडले नाही. फक्त शेवटच्या ओळीखाली त्यांनी विचारले होते, ‘त्या दिवशी त्या घरात काय शिजले?’

मला ठाऊक नव्हते, म्हणून मी आजीला विचारले. तिने सांगितले की, त्या घरात चूल पेटली नव्हती, शेजारणीने पेज नेली होती आणि सुतकातले अन्न म्हणून ती अळणी होती. सकाळपासून एक अक्षरही न बोललेल्या बापाने पहिला घोट घेतला आणि विचारले, ‘हांतूंत मीठ घालूंक ना?’ मग त्याच्या लक्षात आले आणि त्याने वाटी खाली ठेवली. आजीने हे अगदी सहज, तांदूळ निवडता निवडता सांगितले. मी निबंध पुन्हा लिहिला, त्यात आक्रोश आला नाही, मीठ आले. बाईंनी त्यावर बरोबरची एक खूण केली आणि पुढच्या मुलाची वही ओढली.

पुढे वाचन वाढले, कथालेखनाच्या शिबिरांतून तंत्राच्या चार गोष्टी कानांवर पडल्या, पण त्या लाल प्रश्नापलीकडे मला फारसे काही मिळाले असे वाटत नाही. दुःख कोठे दिसते, तर त्याच्या शेजारी जे काम चाललेले असते तेथे. कोणीतरी गेलेले असते आणि कोणालातरी गोठ्यातली म्हैस पिळावीच लागते, माटवाच्या, म्हणजे मांडवाच्या, भाड्याची घासाघीस करावी लागते, दूरच्या पावण्यांची झोपायची सोय बघावी लागते. ते काम करणारी माणसे मी पाहत राहतो, आणि माझ्या बहुतेक कथा त्यांच्याच हातांवरून सुरू झाल्या आहेत.

याचा दुसरा धडाही शाळेनेच दिला. मी वर्गप्रमुख असताना रजेचे अर्ज गोळा करून वर्गशिक्षकांच्या टेबलावर ठेवण्याचे काम माझ्याकडे असे. बहुतेक अर्ज तापाचे, पोटदुखीचे आणि मामाच्या लग्नाचे असत. एके दिवशी एका मुलाने दिलेल्या अर्जात मात्र, माझी आई वारल्यामुळे मी शाळेत उपस्थित राहू शकलो नाही, तरी कृपा करून रजा मंजूर करावी, असे लिहिलेले होते. वर ‘विषय : रजा मिळण्याबाबत’ होते, खाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ होते आणि पालकांच्या सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा होता. व्याकरणाच्या तासाला शिकवलेल्या नमुन्यात त्याने तापाच्या जागी आई बसवली होती. अक्षर नेहमीपेक्षा चांगले काढले होते, समासही सोडला होता.

घरी तो कोकणीत रडला असणार, आम्ही सगळेच घरी कोकणीत रडतो. गोव्यातल्या भाषांच्या वादात मला येथे शिरायचे नाही, त्यासाठी इतर व्यासपीठे आहेत आणि ती पुरेशी गजबजलेली आहेत. पण १९६१ च्या गोवामुक्तीनंतर खेडोपाडी ज्या सरकारी मराठी शाळा निघाल्या, त्यांतून आलेल्या आमच्या पिढीला घरची बोली आणि वहीतली मराठी यांच्यामधले अंतर रोज चालावे लागले, हे खरे. मला त्या अंतराचा फायदाच झाला. घरात जे ओरडून बोलले गेले, ते कागदावर येईपर्यंत थोडे निवते, आणि निवलेले दुःखच मला लिहिता येते.

याच कारणासाठी मी वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता नेमाने वाचतो. त्यांचाही एक ठरलेला नमुना असतो, म्हणजे वय, गाव, ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे’, आणि अंत्यसंस्काराची वेळ. गुन्ह्यांच्या बातम्यांतून मला कधी काही सुचलेले नाही, कारण तेथे सगळे आधीच सांगून टाकलेले असते. निधनवार्तेत मात्र कोण नाही, हे शोधता येते. मुलाचे नाव आहे पण सुनेचे नाही, किंवा मुलीच्या पुढे सासरचे आडनाव नाही, एवढ्यावरून काही दिवस निघतात.

आपल्या परिसराने मला जे दिले त्यात खाणबंदीचा वाटा मोठा आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, मधल्या काळात काही खाणी सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर मार्चच्या मध्यापासून सगळे पुन्हा ठप्प झाले. खाणींनी डोंगर कापले, शेतांत गाळ भरला, विहिरी आटवल्या, हे मी लहानपणापासून पाहिले आहे आणि त्या बंद झाल्याचे मला दुःख नव्हते. तरीही कर्ज काढून घेतलेले ट्रक दारादारांत उभे राहिले तेव्हा कथा त्या ट्रकांपाशीच होत्या. एका अंगणात ट्रकच्या हौद्यात चटया पसरून त्यावर भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलां वाळत घातलेली मी पाहिली. बाईने सांगितले की उंचावर असल्यामुळे कोंबड्या पोचत नाहीत आणि पत्रा तापतो म्हणून सोलां लवकर वाळतात. तिचा नवरा पडवीत बसून हे ऐकत होता. मिठाच्या पाण्याने पत्र्याला गंज चढेल, एवढेच तो म्हणाला, आणि तेही तिला नव्हे, मला. त्या दोन वाक्यांची कथा लिहायला मला पावसाळा पुरला नाही.

सांगे तालुक्यातल्या कुर्डीचा अनुभव याहून विलक्षण होता. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेले हे गाव, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे गाव, उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. तेथले महादेवाचे प्राचीन देऊळ दगड-दगड सोडवून दुसरीकडे उभारण्यात आले, माणसांना वाडे आणि वालकिणी येथे जागा मिळाली, आणि सोमेश्वराच्या उत्सवासाठी मे महिन्यात मूळ रहिवासी परत येतात. तडा गेलेल्या चिखलात जोत्यांचे दगड, बुंधे आणि मोडकी तुळशीवृंदावने दिसतात. हे दृश्य इतके ‘कथेसारखे’ आहे की त्यावर सरळ कथा लिहिणे जवळजवळ अशक्य आहे. बुडालेले गाव, आठवणी, अश्रू, हे सगळे तेथे आयते वाढून ठेवलेले असते, आणि आयते मिळालेले मला पचत नाही. मला उपयोग झाला तो तेथे भेटलेल्या दोन वृद्ध भावांचा. ते आपल्या घराचे जोते छत्रीने मोजत होते. प्रेमाने मोजत असतील असे वाटून मी जवळ गेलो, तर वाटणीच्या वेळी धाकट्याच्या वाट्याला पडवी धरून दोन हात जास्त गेले होते, हे थोरल्याला सिद्ध करायचे होते. वर्षातला बहुतेक काळ पाण्याखाली असणाऱ्या घराच्या वाटणीवरून त्यांचा आवाज चढत गेला आणि बरोबरची सून दोघांनाही उन्हात उभे राहू नका म्हणून विनवत राहिली.

‘माझ्या आयुष्यावर कथा लिहा’ म्हणून भेटायला येणारी माणसेही पुष्कळ असतात. त्यांचे दुःख खरे असते आणि मी ते मनापासून ऐकतो, पण त्यातून कथा होत नाही, कारण ती त्यांनी स्वतःच पूर्ण रचून आणलेली असते. हेन्री जेम्स या कादंबरीकाराने लिहून ठेवले आहे की, एका मेजवानीत शेजारच्या बाईने आई आणि मुलगा यांच्यातल्या सामानसुमानाच्या भांडणाचा ओझरता उल्लेख केला आणि त्याला कादंबरीचे बीज मिळाले. बाई पुढचे सांगू लागल्या तेव्हा मात्र वास्तव त्या बीजाची नासाडी करते आहे असेच त्याला वाटले. मला हे पटते. शिवाय ३,७०२ चौरस किलोमीटरच्या आपल्या राज्यात कोणाचे काय झाले हे सगळ्यांनाच माहीत असते, त्यामुळे पूर्ण हकिकत वापरली तर पात्राच्या घरचा फोन दिवाळी अंकाच्या आधी येतो. म्हणून मी तालुका बदलतो, धंदा बदलतो, कधी बापाची आई करतो. बदलत नाही ते फक्त मीठ, छत्री, सोलां यांसारखे काहीतरी.

सध्या हाती घेतलेली कथा एका बंद घराची आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते, आणि त्या पासपोर्टवर इंग्लंडला गेलेल्यांची अशी घरे आता प्रत्येक गावात आहेत. माझ्या ऐकण्यात आलेल्या घराची चावी शेजारणीकडे आहे. ती संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावते आणि त्याचा फोटो पाठवते, त्याबद्दल महिन्याच्या महिन्याला तिच्या खात्यात पैसे येतात. एकदा पैसे आले नाहीत. तिने त्या महिन्यात दिवा लावला की नाही, आणि लावला असल्यास फोटो पाठवला की नाही, येथे कथा अडली आहे. सांगणाऱ्याला पुढचे ठाऊक आहे, पण मी त्याला विचारलेले नाही. संपादकांनी गणपतीपूर्वी मजकूर मागितला आहे आणि गणपतीच्या वर फळाफुलांची जी माटोळी बांधतात तिचे सामान आणायलाही मलाच जायचे आहे.