तुम्ही विचारलंत म्हणून : सुयांनी गुण येतो की मनाचा खेळ?

मान, कंबर, गुडघे धरून माझ्याकडे अ‍ॅक्युपंक्चरसाठी, म्हणजे सुया टोचून करायच्या उपचारासाठी, येणारे बरेच जण पहिली सुई लागण्याआधी हेच विचारतात. "मॅडम, खरंच गुण येतो, की नुसता मनाचा खेळ?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना मला दर वेळी जॉर्ज लुइथ आठवतात. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे डॉक्टर आणि तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक. 2017 साली ते गेले.

लुइथ स्वतः अ‍ॅक्युपंक्चर करायचे. आपण जे रोज करतो त्यात नेमकं काय काम करतं, हे शोधायचा ध्यास त्यांनी सोडला नाही. 2004 साली पीटर व्हाइट आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी जुनाट मानदुखीच्या 135 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. काहींना खऱ्या सुया लावल्या, तर काहींना कातडीवर वीज सोडणाऱ्या, पण मुद्दाम बंद ठेवलेल्या यंत्राच्या तारा. दुखणं दोन्हीकडे बरंच उतरलं. सुयांचं पारडं किंचित जड होतं, पण 100 मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर तो फरक जेमतेम 6 मिलिमीटरचा. गणितात तो टिकतो, रुग्णाला मात्र वेगळा जाणवेल एवढा नाही. हे त्यांनी स्वतःच स्पष्ट लिहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढच्याच वर्षी त्यांचं आणखी एक काम आलं. सांधे झिजलेले 14 रुग्ण आणि मेंदूचं पेट (PET) स्कॅन, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय हे दाखवणारी तपासणी. इथे खऱ्या सुईच्या जोडीला एक खोटी सुई होती. नाटकातल्या खंजिरासारखी, टोक आत सरकणारी. टोचल्यासारखं वाटतं, पण कातडीत काही शिरत नाही. तिसऱ्या प्रकारात बोथट सुई लावली आणि याने बरं वाटणार नाही, हे रुग्णाला आधीच सांगितलं. आपल्यावर इलाज होतोय असं वाटत असताना, सुई खरी असो वा खोटी, मेंदूचे वेदना आवरण्याशी संबंधित भाग जास्त जागे झाले. इन्सुला नावाच्या भागात मात्र खऱ्या सुईचा परिणाम खोटीपेक्षा जास्त दिसला.

म्हणजे मनाचा वाटा मोठा, आणि तोही मेंदूत दिसणारा. सुईचा वाटा लहान, पण आहे. 'नुसता' हा शब्द तेवढा मला प्रश्नातून काढावासा वाटतो. बरं वाटेल या भरवशाने दुखणं हलकं होत असेल, तर ते हलकं होणं खरंच असतं.

होमिओपॅथीलाही त्यांनी सूट दिली नाही. धुळीतल्या किड्यांच्या अ‍ॅलर्जीने दमा झालेल्यांवरच्या 2002 सालच्या चाचणीत औषध आणि खोटं औषध यांत लक्षात घ्यावा असा फरक निघाला नाही. 2011 साली त्यांच्या गटाने आमवाताच्या रुग्णांकडे पाहिलं. त्यांची नेहमीची औषधं चालूच होती. ज्यांच्याशी होमिओपॅथीच्या पद्धतीने सविस्तर बोलणं झालं त्यांना बरं वाटलं. गोळी खरी की खोटी, याने फरक पडला नाही.

हे वाचल्यापासून मी नव्या रुग्णाशी आधी बोलत बसते. झोप कशी आहे, कामाला कसं बसता, घरी जड कोण उचलतं. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड सुटत असेल, तर सुया बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवते. बाकीच्यांना आधी सांगते, की चार आठवड्यांत फरक नाही पडला तर आपण थांबू.