तुम्ही विचारलंत म्हणून: स्टीलच्या घड्याळाला एवढे पैसे का?

लग्नात विचारतात, बँकेत विचारतात, वाळूजला माझ्या शेडवर आलेला माणूसही चहा येईपर्यंत हेच विचारतो. एवढे पैसे घालायचेच होते तर सोन्याचं घ्यायचं, अडचणीला मोडता तरी आलं असतं. आणि घड्याळावर नाव आहे ते हे चापेक कोण?

आधी स्टीलचं सांगतो. मी डाय-फिक्स्चर, म्हणजे कारखान्यांना लागणारे साचे आणि पकडी बनवतो, स्टील रोज कापतो. घड्याळाच्या बाहेरच्या कवचाला सर्रास वापरतात ते ३१६ एल जातीचं स्टेनलेस स्टील हट्टी असतं. कटर जरा रेंगाळला की ते जागेवरच कडक होतं आणि पुढच्या कटला टूलची धार जाते. सोन्यात तुम्ही वजनाचे पैसे देता, मी कामाचे दिले. ब्रश केलेला भाग आणि आरशासारखा पॉलिश केलेला भाग जिथे भेटतात, ती कड न गोलावता सरळ राखायला काय हात लागतो, हे मला माझ्या पॉलिशवाल्या मिस्त्रींमुळे माहीत आहे. आत मायक्रोरोटर आहे. एरवी ऑटोमॅटिक घड्याळात रोटर, म्हणजे हात हलला की फिरून चावी भरणारं वजन, यंत्रावरून फिरतो. इथे तो लहान करून यंत्राच्या जाडीतच बसवलाय. म्हणून जाडी १०.६ मिलिमीटर, तरी १२० मीटरपर्यंत पाणी शिरत नाही. मला हे सगळं सुंदर वाटतं.

चापेक हा बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात जन्मलेला घड्याळजी. १८३९ साली जिनिव्हात पाटेक नावाच्या माणसासोबत त्याने घड्याळांच्या धंद्यात भागीदारी केली, १८४५ साली ती मोडली. पाटेकचं नाव जगभर झालं, चापेकचा कारखाना पुढे बंद पडला. २०१५ मध्ये नव्या लोकांनी ते नाव पुन्हा उभं केलं आणि २०२० मध्ये ‘आंटार्क्टिक’ हे घड्याळ काढलं. पहिल्या मालिकेत ९९ नग. माझं त्यातलंच. विकत घेतलेल्या नावाला परंपरा म्हणायची का, असा वाद पूर्वी मीच घालायचो. आजही मधली दीडशे वर्षं कुणी भरून काढू शकत नाही, हे मला मान्य आहे. पण आज जे हात काम करतायत ते खरे आहेत, आणि मी पैसे त्यांना दिलेत.

इथपर्यंत माझी बाजू भक्कम आहे. पुढे तशी राहत नाही.

पुतणीच्या लग्नाला गेवराईजवळ गावी गेलो होतो. पंगत उठली होती, मांडवात भाऊबंद बसले होते. दादाने मनगट हातात घेतलं, घड्याळ उलटून मागच्या काचेतून यंत्र पाहिलं. त्याला आवडलं, हे मी सांगतो. मग किंमत विचारली. मी खरी सांगितली. दोन ट्रॅक्टर येतील एवढी. सगळे गप्प झाले.

दादा म्हणाला, “बोअर साडेचारशे फुटावर कोरडं गेलं तवा तू आला नव्हतास. इंजिनिअरिंगची फी मात्र त्याच रानातून गेली तुझी.”

चुलते म्हणाले, “जाऊ दे रे, लग्नाचं घर आहे.”

मी म्हणालो, “दादा, ठिबकचे पैसे मी देतो.”

“मागितले का?” एवढंच म्हणून तो आचाऱ्याचा हिशेब करायला उठला. वहिनींनी माझ्या ताटलीत जिलेबी वाढली. मी मांडवातच बसून राहिलो, कारण उठलो असतो तर रागावून गेलो असं झालं असतं.

कित्येक सोन्याच्या घड्याळांहून महाग असं स्टीलचं स्पोर्ट्स घड्याळ ओडेमार पिगे या स्विस कंपनीने १९७२ साली आणलं. या सगळ्या प्रकाराची सुरुवात तिथली. १९७२ म्हटलं की आमच्या घरी दुष्काळ आठवतो. आई खडी फोडायला जायची, कडेवर दादा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असं मी स्वतःला सांगतो. नाहीच आहे. तरी दादासमोर हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

कष्टाने कमावलेल्या पैशाचा हिशेब भावाला द्यायचा का? नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि फी रानातून गेली, हेही खरं आहे. दोन्ही एकदम कसं धरायचं, ते मला जमलेलं नाही.

घड्याळ विकणार नाही. गावी जाताना काढूनही ठेवत नाही, लपवलं तर दादाला ते जास्त लागेल. ठिबकचं दर उन्हाळ्यात विचारतो, तो नको म्हणतो. यंदा वहिनींशी बोलणार आहे.