शार्कपेक्षा व्हाउचरनेच जास्त दमवलं: माझा अनुभव

शार्क दिसला, हे आधीच सांगून टाकते, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. पण परत आल्यापासून मी जे भेटेल त्याला ऐकवत सुटलेय ते शार्कचं नाही, त्या व्हाउचरचं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं केपटाऊनला गेलो होतो. व्हिसा, विमान, हॉटेल सगळं सुरळीत झालं. शार्क केज डायव्हिंग, म्हणजे पिंजऱ्यात बसून पाण्यात उतरायचं आणि शार्क बघायचे, तिथून साधारण १७० किलोमीटरवर गान्सबाईला होतं, म्हणजे बोटी सुटतात त्या शेजारच्या क्लाइनबाई नावाच्या छोट्या बंदरातून. माझी चूक एवढीच की थेट बोटवाल्यांकडे बुकिंग न करता मी हॉटेलजवळच्या एका टूर डेस्कवर केलं. का, तर तिथली बाई गोड बोलत होती आणि गाडी दारात येणार होती.

मंगळवारचं बुकिंग होतं. सोमवारी संध्याकाळी मेसेज, उद्या लाटा मोठ्या आहेत, बोट सुटणार नाही. ठीक आहे, समुद्रापुढे कोणाचं चालतं. गुरुवार मिळाला. गुरुवारी पहाटे साडेचारला उठून अडीच तास व्हॅनमध्ये पेंगत बंदरावर पोचलो, नाश्ता झाला, फॉर्म भरला (काही झालं तर आम्ही जबाबदार नाही असा मजकूर, नवऱ्याने तो दोनदा वाचला आणि गप्प झाला), सेफ्टीचं भाषण झालं आणि मग नुसतं बसून राहिलो. वारा वाढतोय, अर्धा तास बघू. अजून अर्धा तास बघू. साडेअकराला कॅन्सल.

बोटवाल्यांच्या काउंटरवर स्वच्छ सांगितलं, हवामानामुळे बोट सुटली नाही तर दुसरी तारीख नाहीतर पैसे परत, पण पैसे तुम्ही डेस्कला दिलेत, तर ते डेस्कच देणार. संध्याकाळी डेस्कवर गेलो तर तीच गोड बाई म्हणते, रिफंड नाही, व्हाउचर मिळेल, दोन वर्षं चालेल. दोन वर्षं! मी ठाण्याला राहते, दर शनिवारी येऊ का इकडे शार्क बघायला? रविवारचं आमचं परतीचं विमान होतं.

शुक्रवारी सकाळी परत गेलो. आता म्हणे बोटवाल्यांचा मेल हवा की ट्रिप खरंच रद्द झाली. फोन करून मेल मागवला, वीस मिनिटांत आला. मग म्हणे बुकिंग माझ्या नावावर आणि कार्ड नवऱ्याचं, म्हणजे कार्डवाला समक्ष हवा. तो माझ्या शेजारीच उभा होता! मी त्याच्याकडे बोट दाखवलं. मग पासपोर्ट हवा. पासपोर्ट रूमच्या लॉकरमध्ये. तो घेऊन आलो तर बाई जेवायला गेलेली, मॅनेजर तीनला येणार. मला आपल्याकडचं ‘तीन नंबरच्या खिडकीवर जा’ आठवलं, फक्त इथे कॉफी फुकट होती. तीनला मॅनेजर आला आणि म्हणाला, पैसे परत नाहीत, पण शनिवारच्या दोन सीट बघतो, फक्त वीकेंडचा रेट वेगळा, फरक भरावा लागेल. नवरा म्हणाला सोड ना, दुसरं काही बघू. मी नाही सोडलं. शेजारी एक जोडपं तीच ट्रिप बुक करायला बसलेलं, त्यांना मी सगळी कथा मंगळवारपासून सांगायला घेतली, जरा मोठ्यानेच. दहा मिनिटांत सीट कन्फर्म. फरक मात्र घेतलाच.

तर बुकिंग करताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारा आणि उत्तर लेखी घ्या: बोट सुटलीच नाही तर काय, बोट सुटली पण शार्क आलाच नाही तर काय, आणि तुम्हाला उलट्या झाल्या म्हणून पिंजऱ्यात उतरला नाहीत तर काय. तिसऱ्याचं उत्तर काही नाही असंच असतं. आणि सहलीच्या पहिल्या दिवसांतली तारीख घ्या, म्हणजे ढकलायला जागा राहते.

शनिवारी समुद्र शांत, म्हणजे त्यांच्या मते शांत. गोळी आदल्या रात्री एक आणि निघताना एक घेतली होती, शिवाय आवळासुपारी, तरी नवऱ्याची अवस्था बघवत नव्हती. बोट निघून थोड्याच वेळात नांगर टाकला. डायर आयलंड जवळच, त्याच्या बाजूच्या खडकावर हजारो सील आणि त्यांचा तो वास. मग माशाचं तेल-बिल मिसळलेलं पाणी समुद्रात ओतत वाट बघायची. वेटसूट जाड, पाणी १४ डिग्री, पहिल्यांदा आत उतरल्यावर श्वासच अडकतो. पिंजरा बोटीला बांधलेला, डोकं पाण्याबाहेर, सिलिंडर नाही, पोहता यायची गरज नाही. वरून ओरडतात ‘डाउन, डाउन, लेफ्ट’, की दांड्याला धरून श्वास रोखून खाली जायचं. मी पहिल्या दोन वेळा उजवीकडे बघितलं. तिसऱ्यांदा तो हिरव्या गढूळ पाण्यातून एकदम तोंडासमोर आला, माणसापेक्षा लांब, तपकिरी, सावकाश. भीती वाटलीच नाही, वेळच मिळाला नाही.

हा ब्रॉन्झ व्हेलर, शार्कचीच एक जात. फोटोत असतो तो ग्रेट व्हाइट शार्क हवा म्हणून जाणार असाल तर नीट ऐका, आता तिथे तो क्वचितच दिसतो. २०१७ मध्ये किनाऱ्यावर मेलेले ग्रेट व्हाइट वाहून आले, त्यांचं लिव्हर गायब. ते काम ऑर्कांचं, म्हणजे किलर व्हेलचं, त्यातल्या दोघांच्या पाठीवरचे पर एक डावीकडे आणि एक उजवीकडे वाकलेले म्हणून नावं पोर्ट आणि स्टारबोर्ड, बोटवाल्यांच्या भाषेत डावं आणि उजवं. तेव्हापासून ग्रेट व्हाइटच पळाले. हे बोटीवरच्या गाइडने सांगितलं, डेस्कवरच्या पोस्टरवर अजून ग्रेट व्हाइटच आहे.

केस लांब असतील तर घट्ट वेणी घाला, मास्कमध्ये एक केस आला तरी पाणी शिरतं. परतताना हर्मनसला थांबा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किनाऱ्यावरूनच व्हेल दिसतात आणि त्याला बुकिंग लागत नाही. फरकाच्या पैशांसाठी मी तीन मेल केलेत. तिसऱ्याला उत्तर आलं, त्यात २० टक्के सूट देणारं नवीन व्हाउचर होतं.