फार्नेसे: आधी गाव, मग आडनाव

नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातली दोन भव्य संगमरवरी शिल्पे 'फार्नेसे बैल' आणि 'फार्नेसे हर्क्युलिस' या नावांनी ओळखली जातात. ही नावे मी अनेक वर्षे वाचत आलो होतो. मात्र फार्नेसे हे रोमच्या उत्तरेला, व्हितेर्बो प्रांतात, जेमतेम दीड हजार वस्तीचे एक गावही आहे हे कळल्यापासून या आडनावाचा इतिहास मला फार जवळचा वाटू लागला आहे. गावाच्या नावाचा संबंध 'फार्नेत्तो' या ओकच्या जातीशी जोडला जातो.

या परिसरातल्या सरदार घराण्याचे नशीब फळफळले ते १५३४ मध्ये, आलेस्सांद्रो फार्नेसे तिसरा पॉल या नावाने पोप झाला तेव्हा. त्याने आपला मुलगा पिएर लुईजी याच्यासाठी १५३७ मध्ये कास्त्रोची आणि १५४५ मध्ये पार्मा व पिआचेन्झाची डची, म्हणजे ड्यूकच्या ताब्यातले छोटे राज्य, निर्माण केली. दोनच वर्षांत पिआचेन्झात पिएर लुईजीचा खून झाला, तरी पार्मा घराण्याकडे टिकून राहिले.

कास्त्रोचे तसे झाले नाही, आणि माझे मन तिथेच अडकते. फार्नेसे गावापासून जवळच असलेले हे राजधानीचे शहर घराण्याच्या कर्जापायी पोपसत्तेशी झालेल्या संघर्षात सापडले. नवा बिशप वाटेत मारला गेल्यावर पोप दहाव्या इनोसंटच्या हुकमाने १६४९ मध्ये ते घरे, चर्चे, तटबंदी यांसह पाडून टाकण्यात आले. 'इथे कास्त्रो होते' एवढेच शब्द कोरलेला स्तंभ तिथे उभारला होता, असे सांगतात. आज त्या जागी झाडीत दडलेले अवशेष आहेत.

पुढे १६५८ मध्ये खुद्द फार्नेसे गावही, जे घराण्याच्या धाकट्या पातीकडे होते, चिजी घराण्याला विकले गेले. ज्या गावाचे नाव मिरवत हे लोक राजवाड्यांपर्यंत पोहोचले, ते गाव त्यांचे राहिले नाही, ही गोष्ट मला चटका लावून जाते. १७३१ मध्ये घराण्याची पुरुषशाखा संपली. स्पेनची राणी झालेल्या एलिझाबेत्ता फार्नेसेचा वारसा तिच्या मुलाकडे, पुढे नेपल्सचा राजा झालेल्या कार्लोकडे गेला, आणि रोममध्ये सम्राट काराकाल्लाच्या स्नानगृहांच्या अवशेषांत सापडलेली ती शिल्पे अठराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्सला आली. गावाने मात्र मालक बदलले तरी नाव बदलले नाही.