दीर्घिका आदळतात तेव्हा आदळतं काय?

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचा एखादा फोटो शेअर केला की हा प्रश्न ठरलेला, दोन दीर्घिका (गॅलेक्सी, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे समूह) एकमेकींवर आदळल्या म्हणजे त्यांच्यातले तारे फुटतात का? तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तारे फुटत नाहीत, जवळजवळ एकही नाही. सूर्य टेनिसबॉलएवढा धरला ना तर त्याच्या सगळ्यात जवळचा तारा साधारण १९०० किलोमीटरवर येतो, मग एवढ्या मोकळ्या जागेत कोण कोणाला धडकणार, तारे आरपार निघून जातात, फक्त गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीत त्यांच्या वाटा वाकतात आणि दीर्घिकेचा आकार पार बदलून जातो.

आदळतो तो गॅस, आणि त्यात मिसळलेली धूळ. हे ढग इतके पसरलेले असतात की त्यांना एकमेकांना चुकवून जाताच येत नाही, ते दाबले जातात आणि मग नवे तारे धडाधड जन्मायला लागतात. आता गंमत बघा, हे सगळं चालतं धुळीच्या आत. धूळ त्या ताऱ्यांचा प्रकाश गिळते, स्वतः तापते आणि तीच ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांमध्ये, बाहेर सोडते. म्हणजे टक्कर जिथे सगळ्यात जोरात चाललीय तीच जागा साध्या प्रकाशात काळी दिसते!

अँटेना नावाच्या आदळणाऱ्या दीर्घिकांच्या जोडीचा हबल दुर्बिणीने घेतलेला फोटो उघडा, हस्त नक्षत्राच्या दिशेला आहेत त्या, यादीतले त्यांचे क्रमांक एनजीसी ४०३८ आणि ४०३९. दोन पिवळसर गाभे, भोवती निळ्या तारकागुच्छांची माळ, आणि दोन्ही दीर्घिका जिथे एकमेकींवर चढल्यात तिथे तपकिरी-काळे डाग. नजर त्या डागांवर थांबतच नाही. पण १९९० च्या दशकात युरोपच्या आयएसओ या अवकाश दुर्बिणीने आणि नंतर नासाच्या स्पिट्झर दुर्बिणीने इन्फ्रारेडमध्ये बघितलं तर सगळ्यात तेजस्वी ठिकाण नेमकं तिथेच निघालं, गाभ्यांमध्ये नाही. मी हे दोन फोटो नेहमी शेजारी शेजारी ठेवून बघते आणि दर वेळी थक्क होते.

स्टीफन्स क्विंटेट या दीर्घिकांच्या घोळक्यामध्ये तर गॅसची टक्कर सरळच दिसते. एक दीर्घिका सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने त्या घोळक्यात घुसलीय आणि तिच्यामुळे गॅसमध्ये उठलेली शॉकवेव्ह (धक्क्याची लाट) आपल्या अख्ख्या आकाशगंगेपेक्षा मोठी आहे, तिथे चमकणारा रेणूरूपी हायड्रोजन स्पिट्झरने टिपला होता, वेबने २०२२ मध्ये तोच भाग कितीतरी बारकाईने दाखवला. कार्टव्हील (गाडीच्या चाकासारखी दिसणारी दीर्घिका) हीही तशीच, ५० कोटी प्रकाशवर्षं लांब, एक छोटी दीर्घिका मधून आरपार गेली आणि तेव्हापासून साधारण ४४ कोटी वर्षं तिचं बाहेरचं कडं पसरतंच आहे. वेबच्या मिरी या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात चाकाच्या आऱ्यांमधली धूळ कशी उठून दिसते ते नक्की बघा. (हा कॅमेरा उणे २६६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावा लागतो, नाहीतर त्याची स्वतःचीच उष्णता फोटोत येईल.)

रंगांबद्दल थोडक्यात, इन्फ्रारेड डोळ्यांना दिसतच नाही त्यामुळे लांब तरंगलांबीला लाल आणि आखूडला निळा असे रंग दिलेले असतात. माहिती खरी, रंग नेमून दिलेले.

आणि हो, आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका? टक्कर पक्की असं शास्त्रज्ञ बरीच वर्षं म्हणत होते, पण २०२५ मध्ये आलेल्या, हबल आणि युरोपच्या गाया या अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांवरच्या अभ्यासात पुढच्या १००० कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता निम्मी-निम्मीच निघाली. झालीच तरी सूर्यावर दुसरा तारा येऊन आपटेल ही भीती सोडा, सूर्याच्या गाभ्यातला हायड्रोजनच त्याआधी, साधारण ५०० कोटी वर्षांत संपणार आहे.