रिलिव्हर

परिचारिका दिनाला, १२ मेला, सत्कार झाला. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माइक पुढे केला, "सिस्टर, संकटाच्या काळात कामावर यायची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळते?" मी 'सेवाभाव' म्हणून मोकळी झाले. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या ताईंनी हळूच कोपर मारलं. त्यांना ठाऊक होतं.

४ ऑगस्ट २०१९, रविवार. नाशिककराला पूर सांगताना क्युसेकचा आकडा लागत नाही. पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला की गळ्याला, एवढं विचारलं की झालं. त्या दिवशी तेही विचारण्यात अर्थ नव्हता. आम्ही नदीच्या या काठाला हिरावाडीत, हॉस्पिटल त्या काठाला द्वारकेच्या पलीकडे, दुपारी दोनची ड्युटी. रिक्षा मिळेना. नवरा म्हणाला, "आज नाही गेलीस तर कोण काय म्हणणारे?" त्याचंही चूक नव्हतं. तेवढ्यात सासूबाईंनी धाकट्याला कडेवर घेतलं आणि नवऱ्यालाच दटावलं, "सोडून ये रे तिला. कन्नमवार पुलावरून जा." (सत्कार करायचाच तर त्यांचा करा.)

पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. सकाळच्या सिस्टरच्या घरात पाणी शिरलेलं, त्यामुळे आदल्या रात्री आठला आलेल्या ताईच अजून वॉर्डात. पाय सुजलेले, चपला टेबलाखाली सरकवलेल्या. मला बघून म्हणाल्या, "आलीस? माझी पोरं सकाळपासून शेजारी आहेत गं." आणि लगेच हँडओव्हर सुरू. माझा अर्धा दिवस कापला गेला, उशीर म्हणून. तो आजतागायत परत मिळालेला नाही.

पुढे एका ट्रेनिंगमध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी दाखवली, २००५ साली छापलेली. मोठं हिमवादळ आलं तर यायची तयारी ८० टक्क्यांची, पण पोचू शकू म्हणणारे फक्त ४९. सार्ससारखी साथ आली तर उलटं. पोचू शकू म्हणणारे ६४ टक्के, यायला तयार ४८. वाहन नाही, मुलांना बघायला कोणी नाही, म्हणून पोचणं अडतं. आणि मन अडतं ते घरच्यांच्या आणि स्वतःच्या भीतीने. मला हसूच आलं. माझा पूर आणि माझा कोविड, दोन्ही समोरच्या स्लाइडवर होते.

कारण २०२० मध्ये रस्ते मोकळे होते. निमाणीच्या नाकाबंदीवर आयकार्ड दाखवलं की पोलीस सोडायचे. मुलांना बघायला सासूबाई होत्याच. अडचण एकच, मला जायचं नव्हतं. सासूबाईंना शुगर, घर दोन खोल्यांचं. रोज गाडीला किल्ली लावताना पोटात कालवायचं. एकदा तर गणेशवाडीपर्यंत जाऊन गाडी बाजूला लावली आणि दहा मिनिटं तशीच बसून राहिले. राजीनाम्याचं वाक्यसुद्धा मनात जुळवलं.

मग घड्याळ बघितलं. पावणेआठ. आत पीपीई किटमध्ये रात्रपाळीची पोरगी होती, तेवीस-चोवीस वर्षांची. किट काढल्याशिवाय बाथरूमला जाता येत नाही म्हणून रात्रभर पाण्याला शिवायची नाही. चष्म्यावर वाफ धरलेली, कपाळावर वळ. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर, आल्याशिवाय तिला हलता येत नव्हतं, आणि रिलिव्हर मी.

पेशंटचा विचार डोक्यात नव्हता असं नाही. पण पेशंट रोज बदलतात, आणि खरं सांगायचं तर गणेशवाडीत मला त्यांच्यातला एकही चेहरा आठवला नाही. तिचा आठवला. गाडी चालू केली.

मला पाच मिनिटं उशीर झाला होता. काचेपलीकडून तिने दोन्ही हात वर केले, देवळात करतात तसे. मग किटच्या आतून ओरडत सुरू झाली, "सिस्टर, चार नंबरचं सलाईन आत्ताच बदललंय, सहा नंबरचे आजोबा मास्क काढतात, लक्ष ठेवा..."