आवाज येतोय पण चित्र नाही

आज अख्खा दिवस एका टीव्हीत गेला. मंगळवार पेठेतल्या मावशींचा ३२ इंची एलईडी, लावला की दहा-पंधरा मिनिटं झकास आणि मग पडदा काळा, आवाज मात्र चालूच. बंद करून परत लावला की येतोय. आधी दाखवला तिथं पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारी पुढची काच, गेलंय, नवा घ्या म्हणाले. मावशी म्हणतात, "ह्यांनी घेतलेला हाय रे बाळा, बघ की काय होतंय का."

काळा झाल्यावर दुकानातले दिवे घालवले आणि मोबाईलचा टॉर्च पडद्याला तिरका धरला, तर आत बातम्या देणारी बाई पुसट दिसत होती. म्हणजे पॅनेल धडधाकट, गेलाय तो मागचा उजेड, बॅकलाईट. पॅनेलच्या मागं पट्ट्यांवर बारके एलईडी दिवे सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढं एक जोडलेले असतात, एक तुटला की अख्खी माळ विझते, आणि गार असताना आतला जोड टेकतो, तापला की सुटतो, म्हणून तर कधी चालू कधी बंद.

पॅनेल उचलताना अजून पण छातीत धडधडतं, जरा वाकलं की संपलं. मधल्या पट्टीवर एका एलईडीवरच्या भिंगाखाली त्याच्या पिवळ्या ठिपक्यात सुईच्या टोकाएवढा काळा डाग. त्याला एलईडी टेस्टर लावला, पेटला. हेअर ड्रायरनं तापवला, विझला. सापडलं!

एकच बदलून भागलं असतं पण बाकीचे पण तेवढेच जुने, सगळ्या पट्ट्या नव्या टाकल्या आणि मेनूत बॅकलाईट १०० वरून ६० वर आणला, करंट कमी तर उष्णता कमी. तीन तास सलग चालवला, एकदा पण गेला नाही. संध्याकाळी पोचवून आलो, मावशींनी चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.